तीनशे मीटर

नागपूरपासून कुठलाही समुद्र धरा,
एका रात्रीची गाडी आहेच.
आणि माझ्या मनगटावर
तीनशे मीटर खोल पाणी सोसणारं घड्याळ.
किंमत बायकोला निम्मी सांगितली होती.
निम्मीवरसुद्धा ती दोन दिवस बोलली नाही.

एकूण बुड्या एक्केचाळीस, सगळ्या अंदमानात,
सगळ्यात खोल अठ्ठावीस मीटर.
तिथेही मी पाहत होतो
डाव्या हातावरचा भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर:
किती खोल, किती वेळ, वर येताना कुठे थांबायचं.
उजव्या हातावर हे,
मानपानाला आलेल्या व्याह्यासारखं, नुसतं बसून.

इथे दाताचा ठसा घेताना
साडेतीन मिनिटं मोजतं.
पेशंट आ वासून त्याच्याकडेच पाहतात.
"वसूल होते का जी, सर?" कंपाउंडरनं विचारलं परवा.
मी म्हटलं, गुळणी करायला सांग त्यांना.

मे महिन्यात बर्डीवर हेडाऊंकडे गेलो,
गॅस्केट बदलायला.
कूलर गरम वाऱ्याला वाळ्याचा वास लावून
परत देत होता.
हेडाऊंनी घड्याळ काचेच्या नळकांड्यात सोडलं, हवा दाबली.
"बुडबुडा आला तं गेलं समजा, डॉक्टर."
वीतभर पाणी.
नाही आला.

शेजारच्या स्टुलावर सुदाम नान्हे,
अग्निशमन दलातला गोताखोर,
हातात आठशेचं प्लास्टिकचं घड्याळ, पट्टा तुटका.
"तुमी बी उतरता का जी पाण्यात?"
मी मासे सांगितले, प्रवाळ सांगितलं,
कासव सांगितलं दोन्ही हात पसरून.
तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
"आमच्या अंबाझरीत सोताचा हात दिसत नाई.
गाळात चाचपून पाहा लागते."
काय, ते कोणी विचारलं नाही.

"याचे काटे अंधारात दिसते काय?"
हेडाऊंनी पिवळं फडकं काढलं.
आम्ही तिघांनी त्याखाली डोकी घातली,
भर दुपारी, शेहेचाळीस डिग्रीत.
घामाचा, मशीनच्या तेलाचा, खर्ऱ्याचा वास,
आणि मधोमध निळसर ठिपके, बारा.
"झ्याक दिसते बाप्पा," सुदाम म्हणाला,
फडक्याखाली, हळू आवाजात.

मग हातात घालून पाहिलं.
"जड हाय. कमरेचा शिश्याचा
एक ठोकळा कमी लागन."
कडं फिरवलं. एकाच बाजूला फिरतं.
मी सांगितलं, मुद्दाम तसं केलंय,
धक्क्यानं सरकलं तरी
वेळ कमीच उरल्यासारखा दाखवतं,
माणूस लवकर वर येतो.
"हे बराबर केलं," तो म्हणाला आणि काढून दिलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
फुटाळा. दोन पोट्टे.
आठशेचं घड्याळ काउंटरवरच राहिलं, पट्ट्याविना.

आपलं द्यावं, हे मला सुचलं
त्याची मोटरसायकल वळून गेल्यावर.
विम्याचं त्याच्या आधी सुचलं होतं.

मी कड्यावरचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणला.
का, ठाऊक नाही. तो कधी उतरला
हेही मला माहीत नव्हतं.
दहा. हेडाऊंनी चहा सांगितला.
पस्तीस. चहा आला, त्यावर साय धरली.
काटा सगळा फिरून
पुन्हा त्या ठिपक्याशी आला.
साठच्या पुढे या कड्यावर आकडे नाहीत.

हेडाऊ डोळ्याला भिंग लावून
आठशेच्या घड्याळात नवा पट्टा ओवत होते.
त्याचे पैसे माझ्यात लावा, मी म्हटलं.
"त्याच्याकडून मी घेतच नाई,"
ते मान वर न करता म्हणाले.
"तुमचे अडीच हजार झाले."